म्हाळूची जागा

१

निवृत्त माणसाला लोक दोन सल्ले देतात. रोज सकाळी फिरायला जा, आणि कशात तरी मन रमवा. पहिला सल्ला मी माझ्या गुडघ्यांपुढे ठेवला. त्यांनी तो फेटाळला. दुसरा पाळला. पण मन कशात रमवलं ते कळल्यापासून सल्ला देणारे आमच्या दारावरून जरा घाईनं जातात. मी दुपारी व्हिडिओ गेम खेळायचो.

दोन हजार सहा सालच्या उन्हाळ्याची ही गोष्ट. शिरूरच्या एका सरकारी कचेरीतून मी कारकून म्हणून सुटलो आणि दौंडला नव्या घरी राहायला आलो. मुलगा सम्राट कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत पाळीनं कामाला. सून गौतमी शाळेत शिकवते. बायको पार्वतीबाई. नाव देवीचं, पण घरात देव एकही नाही. हे नाव तिच्या वडिलांनी दीक्षा घेण्याआधी ठेवलं आणि नंतर बदलायचं राहून गेलं. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब आहेत. त्यांच्या देखत आम्ही कधी भूतखेत मानलं नाही, आणि मानणाऱ्यांची चेष्टा करायची संधीही सोडली नाही.

दुपार माझी. जेवण झालं की बायको आतल्या खोलीत आडवी व्हायची आणि थोड्याच वेळात, तिच्या मते, नुसती डोळे मिटून पडलेली असताना घोरायला लागायची. लांब रेल्वेच्या यार्डात डब्यांना डबे भिडल्याचा आवाज. डोक्यावर पंखा. मी बाहेरच्या खोलीत टीव्हीपुढे, दाराकडे पाठ करून.

त्या दारातून आत आलं की पहिलीच शहाबादी फरशी हलते. गवंड्यानं खाली सिमेंट घालताना हात आखडला. तिच्यावर पाय पडला की ‘टक्’ असा कोरडा आवाज येतो, आणि पाय उचलला की ‘टुक्’ असा, जरा खालच्या पट्टीतला. घरात येणारा प्रत्येक जण हे दोन आवाज करून येतो. त्यामुळे आम्ही बेल बसवलीच नाही.

२

गेम सम्राटचा. तो शिरूरला आयटीआयला होता, नव्व्याण्णव साल असेल. त्यानं पुण्याहून टीव्हीला जोडायचं एक करड्या रंगाचं सेकंडहँड यंत्र आणलं. बरोबर मोटारींच्या आणि मारामारीच्या सीड्या, आणि एक जपानी सीडी. ती दुकानदारानं वर टाकली होती, कारण ती मागायला कुणी आलंच नव्हतं. वरचं कागदी चित्रही झेरॉक्स. आतलं अक्षर न् अक्षर जपानी. सम्राट हिरमुसला. मी म्हणालो, अरे, न कळणाऱ्या परिपत्रकांची मी वीस वर्षं अंमलबजावणी करतोय, इकडे दे.

खेळ बुद्धिबळाच्या जातीचा निघाला. चौकोनांची जमीन. आपली माणसं निळी, त्यांची तांबडी. आधी आपण आपली सगळी हलवायची, मग ते त्यांची. जो मेला तो कायमचा मेला. पुढच्या लढाईत त्याची जागा रिकामी दिसते. हे आम्हाला फार लागायचं. नावं वाचता येत नव्हती, म्हणून आम्ही कचेरीतल्या लोकांची दिली. जाड चिलखताचा, सगळ्यात हळू चालणारा, तो आमचा हेडक्लार्क. आणि भालेवाला म्हणजे म्हाळू. म्हाळू आमच्या कचेरीचा शिपाई, दारात स्टुलावर बसायचा. साहेब उठेपर्यंत उठायचा नाही, मग साहेब पुण्याला का गेलेला असेना.

खेळत खेळत आम्ही एका किल्ल्यापाशी आलो आणि अडलो. किल्ल्याच्या दरवाजाशी एक दगडी चौकोन होता. त्यावर आपला माणूस उभा असेल तेवढा वेळ दरवाजा उघडा. तो हलला की बंद. म्हणजे एकाला आत ठेवल्याशिवाय बाकीचे बाहेर पडणार नाहीत. आम्ही म्हाळूला उभा केला, आणि सम्राटनं तिथंच कंट्रोलर खाली ठेवला. म्हाळूमामाला टाकून जायचं नाही म्हणाला. खेळ त्या जागी सेव्ह केला, यंत्र खोक्यात घातलं आणि खोकं माळ्यावर गेलं.

दौंडला आल्यावर सामान लावताना मी ते उघडलं. सात वर्षांनी म्हाळू तसाच दगडावर उभा होता. कारकुनाला प्रलंबित प्रकरण बघवत नाही. मी बाकीची माणसं एकेक करून बाहेर काढली, दरवाजा मागे बंद झाला, आणि खेळ सेव्ह केला. जुन्याच जागेवर, जुन्यावर नवं. प्रकरण निकाली.

३

पुढची लढाई एका वस्तीत होती. लहान लहान घरं, मधून गल्ली. त्यातल्या एका घराच्या दारात एक भालेवाला उभा दिसला. निळा नाही, तांबडा नाही, करडा. पाठ आमच्याकडे. त्याच्यावर निवडायचा बाण नेला तर दुसऱ्यांचं नाव येतं तसं त्याचं येईना. तांबडे त्याच्या बाजूनं गेले, माझे गेले. तो कुणाला मारत नव्हता आणि त्याला कुणी मारत नव्हतं. मी म्हटलं, जपान्यांनी शोभेला ठेवला असेल. आमच्या कचेरीतही असे दोघे होते.

तेवढ्यात मागे दारात टक् वाजलं.

तीन वाजून गेले होते. पहिली पाळी सुटून सम्राट येण्याचीच वेळ. मी पडद्यावरून नजर न काढता सांगितलं की जेवण झाकून ठेवलंय. आणि मग, कशाची वाट बघतोय हे न कळता मी वाट बघत राहिलो. थोड्या वेळानं ध्यानात आलं. टुक् आलं नव्हतं.

वळून पाहिलं. दारात ऊन होतं आणि ऊन सोडून काही नव्हतं. मी उठून फरशीवर पाय ठेवला. ती वाजली नाही. आधीच कुणाच्या तरी वजनाखाली दबून बसल्यासारखी घट्ट होती.

उन्हानं दगड फुगतो. शाळेत शिकलोय. मी परत येऊन बसलो.

मग सम्राटचा फोन आला. रिलीव्हर आला नाही, थांबतोय म्हणाला. त्यांच्या कंपनीत रिअ‍ॅक्टर दिवसरात्र चालू असतो, आणि त्याच्या पॅनेलपुढे बसून काटे बघायचे हे सम्राटचं काम. पुढच्या पाळीचा माणूस, म्हणजे रिलीव्हर, समोर येऊन ‘जा’ म्हणेपर्यंत ती खुर्ची सोडायची नाही. तो नाही आला तर त्याची पाळीही आपलीच. दौंडात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. निम्मं गाव रेल्वेत, उरलेलं कुरकुंभात. इथं बायका नवऱ्याचं ताट वाढण्याआधी रिलीव्हर आला का ते विचारतात.

४

असं एकदा झालं असतं तर ही गोष्ट मी सांगितली नसती. ते होत राहिलं. दुपारी मी खेळायला बसायचो, नवीन लढाई, नवीन जागा. कधी देऊळ, कधी पूल, कधी बंदर. कुठल्या ना कुठल्या दारात तो करडा पाठमोरा उभा. मागे टक् व्हायचं, टुक् व्हायचं नाही. आणि सम्राट डबल ड्यूटीत अडकायचा. मी न खेळून पाहिलं. फरक एवढाच पडला की दुपार कंटाळवाणी गेली.

योगायोग, मी स्वतःला म्हणालो. उन्हाळ्यात लग्नं असतात, लग्नात माणसं दांड्या मारतात. हे मी इतक्या वेळा म्हणालो की माझा मलाच संशय येऊ लागला. खरं कारण माणूस एकदाच सांगतो.

सम्राट वाळत चालला होता. जेवताना त्याचा घास हातात राहायचा. आदल्या वर्षी त्याच्याच ओळखीच्या एकाचा डबल ड्यूटीत डोळा लागला होता. त्या माणसाचे हात आता कसे आहेत हा विषय आम्ही गौतमीसमोर काढत नव्हतो, आणि ती आमच्यासमोर काढत नव्हती. ती फक्त सम्राट निघाला की दाराशी नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबायची.

एका रविवारी तो न येणारा रिलीव्हर स्वतःच घरी आला. सर्जेराव त्याचं नाव. उंच, मिशाळ, चहात साखर वरून घेणारा. सम्राटनं त्याला दारातच टोमणा मारला की चुकून आलास का, आज तर सुट्टी हाय. सर्जेराव हसला नाही. बशीत चहा ओतून तसाच धरून बसला.

“सम्राट, मी रोज येतोय रं,” तो म्हणाला.

“कुठवर? गुत्त्यापोतर?”

“आईशप्पत घेतल्याली न्हवती. पॅनेलच्या खोलीच्या दारापोतर येतो. बगतो तर तुझ्या मागं एकजन हुबा. पाठमोरा. डोक्यावर काय तरी घातल्यालं. म्हनलं ठेकेदारानं बदली मानूस धाडला, मंग आपलं काय काम? जातो माघारी.”

“मागं भिंत हाय, सर्ज्या.”

“त्येच म्या नंतर इचार क्येला,” सर्जेराव म्हणाला. आणि चहा पिऊन टाकला.

तो गेल्यावर सम्राट बराच वेळ हसला. दारू माणसाला काय काय दाखवते यावर आम्ही बापलेक बोललो. मला मात्र एक दिसलं होतं, ते मी बोललो नाही. जाताना सर्जेराव दारातल्या फरशीवरून गेला नाही. उभ्या माणसाच्या बाजूनं आपण अंग चोरून जातो, तसा चौकटीला खांदा घासत गेला. आपण असं केलं हे त्याला कळलंही नसावं.

५

मी म्हाळूला भेटायला गेलो. शिरूरची एसटी, तिथून कारेगाव. म्हाळू मेला असता तर बरं झालं असतं असं म्हणणं वाईट दिसतं. पण निदान एक कारण तरी हाताशी आलं असतं. तसं काही नव्हतं. म्हाळू माझ्यापेक्षा तब्येतीनं होता. त्यानं कारखान्यातल्या पोरांसाठी खोल्या बांधल्या होत्या आणि त्यांच्या दारात स्टूल टाकून बसला होता. बसायची ढब तीच.

त्यानं मला भाऊसाहेब म्हणून हाक मारली, कांदाभजी तळायला सांगितली, आणि कचेरीतल्या कोण कोण गेलं याची हजेरी घेतली. मग मी, चेष्टा करतोय असा चेहरा ठेवून, त्याला सगळं सांगितलं. आपल्याला जपानी शिपाई केल्याचं ऐकून तो गुडघ्यावर हात मारून हसला. पण दगडावर उभं करून बाकीचे पुढे गेले, इथं आल्यावर त्याचं हसू थांबलं.

“सोडवला न्हाई व्हय त्याला?” त्यानं विचारलं.

मी म्हटलं, अरे खेळ आहे तो.

म्हाळूच्या घरी पूर्वी मेंढरं होती. त्याचे वडील कोकणाकडे चरायला घेऊन जायचे. मेंढरांभोवती जाळं लावलं की एकाला कोपऱ्यावर राखणीला उभा करायचे. त्याच्या बदलीला दुसरा आला की त्यानं आधी पाय रोवून उभं राहायचं आणि तोंडानं म्हणायचं, जा तू, मी हाय. तेवढं म्हटल्याशिवाय पहिल्यानं हलायचं नाही, लांडगा आला तरी. आणि न सोडवता तळ हलवायचा नाही. “आमच्या म्हाताऱ्याचं म्हननं,” म्हाळू म्हणाला, “हुबा क्येल्याला मानूस तळाच्या मागं मागं येतो. त्याला ठावं नसतंय कुनी सोडवायचा. मंग तळात जो कुनी जागा धरून बसल्याला आसंल, त्याच्या मागं जाऊन हुबा ऱ्हातो. त्याचीच पाळी समजून.”

मी हसण्याचा प्रयत्न केला. भजी गार झाली होती.

उठताना त्यानं माझा दंड धरला. “भाऊसाहेब, त्ये बोल मस्करीत बोलू नगा. ज्यानं म्हनलं त्यानं हुबं ऱ्हायाचं असतंय.”

येताना एसटीत मला खिडकी मिळाली. शिक्रापूरकडून आलेल्या ट्रकांची रांग संपेपर्यंत गाडी फाट्यावर थांबून होती. मी विचार केला, तीस वर्षं नोकरी केलेल्या, बावीस प्रतिज्ञा पाठ असलेल्या माणसानं मेंढपाळाच्या बापाचं ऐकायचं का. आम्ही भुताला मानत नाही, हे खरंच. पण भूत आम्हाला मानतं की नाही, हा मुद्दा आजवर कुणी उपस्थित केला नव्हता.

६

दुसऱ्या दिवशी मी जुन्या किल्ल्यावर परतायचा रस्ता शोधला. नव्हता. म्हाळू दगडावर उभा होता तो खेळ मी माझ्याच हातानं पुसून त्यावर नवा लिहिला होता. पडद्यावर आता एक लांब सभागृह होतं आणि त्याच्या दारात तो करडा.

टक्, मागे.

आणि वीज गेली. त्या वर्षी भारनियमन भरपूर होतं. पंखा रेंगाळत थांबला. यार्डही गप्प झालं. आतून बायकोचं घोरणं तेवढं नियमित चालू होतं, आणि मला त्याचा कधी नव्हे एवढा आधार वाटला. पडदा काळा झाला तशी त्यात आमची खोली दिसू लागली. माझं डोकं, खांदे, मागचं उजेडाचं दार.

दारात एक जण होता.

आत येत नव्हता. रस्त्याकडे तोंड करून उभा होता. फार वेळ उभा राहिलेला माणूस करतो तसा त्यानं एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतला. मग पुन्हा पहिल्या पायावर. मला भीती वाटली हे नाकारत नाही. पण त्याआधी वाटलं की हा बिचारा दमलाय. मान थोडी आमच्याकडे वळली. कुणी येतंय का, हे बघावं तशी. तेवढ्या वळण्यात मला चेहऱ्याची कड दिसली. त्याहून जास्त दिसलं नाही, आणि तेवढंही मी कुणाला वर्णन करून सांगितलेलं नाही.

पार्वतीबाईनं कूस बदलली. मी वळलो. दारात ऊन.

७

मग तो दिवस आला. सम्राट आदल्या दिवशी डबल करून आला होता आणि सकाळी पुन्हा पहिल्या पाळीला गेला. गौतमीनं नको म्हटलं होतं. तो म्हणाला, आपली पाळी हाय, आपन न्हाई गेलो तर रातपाळीवाला आडकंल.

दुपारी साडेतीनला त्याचा फोन आला. आवाज पाण्याखालून यावा तसा.

“आबा, सर्जेराव न्हाई आला. थांबतो.”

मी म्हटलं, साहेबाला सांग, तोंडावर पाणी मार, उभा राहून काम कर.

“डोळं मिटाय लागल्यात,” तो म्हणाला. मग सावकाश, समाधानानं, झोपेत मूल बोलतं तसा, “पन काळजी न्हाई. मागं हाय एकजन. त्यो म्हनतोय, तू टेक जरा. मी बगतो काटं.”

“सम्राट, मागे बघू नकोस. जागा राहा. ऐकतोयस का?”

फोन चालू होता, पण पलीकडे फक्त यंत्रांची घरघर होती.

मी दारापाशी गेलो. फरशी घट्ट दबलेली. मे महिन्यातल्या दुपारी तिच्या आसपासची हवा गार लागत होती. तीस वर्षांच्या सवयीनं माझ्या तोंडून आधी सरकारी वाक्य गेलं. मी म्हणालो, आपणास कार्यमुक्त करण्यात येत आहे. काही झालं नाही. बरोबरच होतं, शिपायाला ही भाषा कळली असती तर आमच्या कचेरीचं काम कधीच थांबलं नसतं.

फोन अजून कानाशीच होता. घरघरीत मधूनच एक भोंगा वाजू लागला. बारीक, थांबून थांबून. सम्राट तो ऐकत नव्हता.

पाय रोवायला जागा नव्हती, तरी मी रोवले.

“जा तू,” मी म्हणालो. “मी हाय.”

आधी टुक् झालं. मग माझ्या पायाखाली टक्.

फोनवर खुर्ची सरकल्याचा आवाज आला, दार आपटलं, आणि सर्जेरावची शिवी ऐकू आली. लांबलचक, आईबहिणीवरून. इतकी सुंदर शिवी मी आयुष्यात ऐकलेली नाही. भोंगा बंद झाला.

सम्राट घरी आला तेव्हा मी तिथंच उभा होतो. तो माझ्याकडे बघून थकल्यासारखा हसला आणि चौकटीला खांदा घासत, अंग चोरून आत गेला.

८

त्यानंतर सर्जेराव एकदाही चुकलेला नाही. सम्राटच्या अंगावर मांस चढलं. गौतमी आता त्याला दारापर्यंत सोडायलाही येत नाही, आतूनच ओरडते. घर सुखात आहे, आणि मीही.

मी फरशीवर खुर्ची टाकून बसतो. पेपर वाचतो, येणाऱ्याजाणाऱ्याशी दोन शब्द बोलतो. अगदी बांधला गेलोय असं नाही. कंपनीतही पॅनेलवरच्या माणसाला बाथरूमला जाता येतं. घरी जाता येत नाही एवढंच. मी गल्लीच्या टोकापर्यंत गेलो की पाय आपोआप माघारी वळतात. रात्री दिवाण दाराशी ओढून घेतो. गौतमीला वाटतं म्हाताऱ्याला वाऱ्याची हौस. बायकोला वाटतं की नोकरी सुटल्यावर मी आता घराचा शिपाई झालो, आणि हे मी आधीच व्हायला हवं होतं. तिच्या भाचीचं शिरूरला लग्न झालं, मी गेलो नाही. ती महिनाभर माझ्याशी तुटक बोलली. खरं सांगितलं असतं तर आयुष्यभर बोलली असती.

या जागेवरून गल्ली वेगळी दिसते. माणसं माझ्यासमोरून जातात आणि पुढे जातात. मागे वळून कुणी बघत नाही. राग येत नाही त्यांचा. दार उघडं आहे म्हणून ती जातायत, आणि दार कुणामुळे उघडं आहे ते मला ठाऊक आहे. नोकरीत एवढं समाधान मला कधी मिळालं नव्हतं.

खेळ मी पुन्हा लावला नाही. इथून पडद्यावर नुसती तिरीप दिसते. एका सुट्टीच्या दिवशी सम्राटनं लावला. आबा, म्हाळूमामा परत आलाय की टोळीत, म्हणाला. खुशीत होता. मग, दारात ह्यो कोन बसलाय, म्हणाला. पडद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, परत पडद्याकडे. यंत्र बंद करून त्यानं वायर गुंडाळली.

तेव्हापासून तो माझ्याजवळ घुटमळतो. एकदा जेवण झाल्यावर येऊन म्हणाला, आबा, उठा, पाठ मोडंल तुमची, आत पडा जरा. मी बसतो. हातही पुढे केला होता. पुढचे शब्द त्याच्या ओठांवर यायच्या आत मी त्याच्यावर ओरडलो. लहानपणीही कधी ओरडलो नव्हतो तसा. तो हात मागे घेऊन आत गेला. त्याला वाईट वाटलं असेल. वाटू दे.

९

आज दुपारी जेवलो. बायको आत नुसती डोळे मिटून पडली आहे. गौतमी शाळेत, सम्राट पहिल्या पाळीला. यार्डात डबे जोडतायत. मी पेपरातलं कोडं सोडवत होतो.

मागे, खोलीत, कुणीतरी पायावरचा भार बदलला.

“आबा,” सम्राट म्हणाला. “दमला आसाल. जा तुमी. मी हाय.”

आवाज त्याचाच. तोच कनवाळूपणा, शेवटी जरा खाली उतरणारा. माझे पाय खरंच दुखत होते. गुडघे आपणहून सरळ व्हायला लागले, खुर्चीच्या हातावर माझे तळवे टेकले, आणि खालची फरशी सुटण्याच्या बेतात आली. पण माझ्यासमोरून आत कुणी गेलंच नव्हतं. मी तळवे उचलले. मांडीवरचा पेपर नीट केला. उभे शब्द संपवले होते, आडव्याला लागलो.

तेवढ्यात खिशातला फोन वाजला.

“आबा, सर्जेराव आला येळंवर,” सम्राट म्हणाला. मागे कंपनीच्या बसचं इंजिन धडधडत होतं, कुणीतरी त्याला चल म्हणून हाका मारत होतं. “निगालो. आईला च्या टाकाय सांगा.”

मी सांगतो म्हणालो आणि फोन खिशात ठेवला. आत घोरणं चालू होतं. माझ्या पाठीशी, खुर्चीच्या अगदी जवळ, कुणीतरी वाकलं.

“कुनाचा फोन व्हता, आबा?” सम्राटनं विचारलं.

“तुझाच,” मी म्हणालो, आणि पान उलटलं.